मळक्या वाटेचा माग

घाणीची मला किळस येत नाही. रसायनशास्त्रात एम. एस्सी. केलेल्या माणसाला ती परवडतही नाही. ज्याला आपण दुर्गंधी म्हणतो ते शेवटी थोडेसे रेणू असतात, आणि ते फार पक्षपाती नसतात. इंडोल नावाचा रेणू विष्ठेत असतो आणि मोगऱ्यातही असतो. फरक फक्त प्रमाणाचा. हे मी घरी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा माझ्या वैजंतावहिनीने केसांतला गजरा काढून खिडकीत ठेवला आणि दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही.

त्यामुळे गेल्या उन्हाळ्यात मी ओकले, ते कुठल्याही वासाने नव्हे. ते एका टॅबलेटच्या काचेवर दिसणाऱ्या पिवळ्या रेघेने.

ती रेघ काढणारं यंत्र आम्हीच बनवलं होतं. पुण्यात आमची छोटी कंपनी होती, ‘माग’ नावाची. निनाद बेहेरे तिचा मालक. मी तिथली रसायनतज्ज्ञ आणि निनादची होणारी बायको. साखरपुडा झाला होता, लग्न दिवाळीनंतर करायचं ठरत होतं. आमचं गिऱ्हाईक म्हणजे जीप घेऊन डांबरी सोडून डोंगरात, माळावर, नदीच्या पात्रात शिरणारे हौशी लोक. अशा ठिकाणी मोबाइलला रेंज नसते. उपग्रहाचा संदेश मिळतो, म्हणजे आपण कुठे आहोत ते टॅबलेट सांगू शकतो. पण पुढे गाडी जाईल की नाही, हे त्याला ठाऊक नसतं. उपग्रहाच्या फोटोत माळ हा नुसता तपकिरी रंग असतो. त्यातला पक्का मुरूम कुठला, भुसभुशीत कुठला, घळ कुठे आहे, हे वरून कळत नाही.

ते ज्यांना कळतं त्यांच्या पायांचा फायदा घ्यायचा, ही आमची कल्पना. जिथून माणसं पिढ्यानपिढ्या चालतात ती जमीन घट्ट असते, आणि मळलेलीही असते. आपल्या भाषेने हे आधीच सांगून ठेवलंय. आपण वाटेला ‘मळलेली’ म्हणतो. घाम, मूत, शेण, लेंड्या, सांडलेलं अन्न हे सगळं जिरून त्या पट्ट्यातल्या मातीचं रसायन आजूबाजूपेक्षा वेगळं होतं. तिथले जिवाणू वेगळे, म्हणून त्या मातीतून सुटणारी हवाही वेगळी. गाडीच्या पुढच्या बंपरखाली आम्ही डब्याएवढं यंत्र बसवत होतो. ते जमिनीलगतची हवा ओढून धातूच्या ऑक्साइडच्या पातळ थरांवरून सोडतं. अमोनिया किंवा इंडोलसारखे रेणू त्या थराला चिकटले की त्याचा विद्युतरोध बदलतो, आणि त्या बदलांच्या ठशावरून मातीचा ‘मळ’ किती ते टॅबलेट मोजतो. मळ जितका जास्त तितकी रेघ गडद पिवळी. वाळवंटात, जंगलात, रेंज नसलेल्या कुठल्याही जागी माणसाची वाट वासावरून सापडायची. पहिल्या चाचणीत ताम्हिणीच्या मागच्या रानात त्याने वापरातून गेलेली जुनी बैलगाडीची वाट शोधून काढली, तेव्हा मी गाडीतून उतरून नाचले होते.

दुसरी गोष्ट आम्हाला अधिकच हुशारीची वाटत होती. इंटरनेट नसल्यामुळे नकाशा ठेवायला मधलं कुठलं केंद्र नव्हतं. दोन गाड्या एकमेकींच्या टप्प्यात आल्या की त्यांचे टॅबलेट रेडिओवरून आपापले माग वाटून घ्यायचे. मतभेद झाला तर जास्त ताजी आणि जास्त ठळक नोंद खरी धरायची. म्हणजे एका गाडीला सापडलेली वाट महिन्याभरात शेकडो गाड्यांत पोचायची, आणि तिथून ती काढून घेणं कुणाच्याच हातात नसायचं.

उन्हाळ्यात मी गावी गेले. आमचं गाव माण तालुक्यात, पवनचक्क्यांच्या माळाखाली. आम्ही धनगर, माझा भाऊ बिरादादा अजून मेंढरं राखतो. वैजंतावहिनीला सहावा महिना होता, आणि ती अंगाला कांबळं लपेटून भर दुपारी थरथरत होती. तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंनी निदान केलं होतं, लघवीच्या जागी जंतू झालेत, ते वर मूत्रपिंडाकडे चाललेत, भरपूर पाणी प्या, नाहीतर दिवस भरायच्या आत मोकळ्या व्हाल आणि मूल हाती लागणार नाही. गोळ्याही दिल्या होत्या. वहिनी गोळी घ्यायची ती घोटभर पाण्याबरोबर, आणि उरलेलं पाणी तुळशीला घालायची.

मी रागावले, डॉक्टरीणबाईंच्या भाषेत पुन्हा सगळं समजावलं. ती ऐकून घेत राहिली आणि मग म्हणाली, “वन्सं, पाणी प्यायलं की जावं लागतं. कुठं जाऊ?”

घरात संडास आहे. गावात प्रत्येक घरात आहे. पण होळी सरली की नळ बंद होतो आणि टँकरचं पाणी माणसी मोजून मिळतं. ते संडासात ओतायला कुणाची छाती होत नाही. तिथे मग सरपण भरतात. बायका जुन्या सवयीने माळावर, बोरीच्या जाळीमागे जातात, उजाडायच्या आत आणि अंधार पडल्यावर. ती जागा पुरुषांना माहीत असते आणि म्हणूनच पुरुष तिकडे फिरकत नाहीत. मीही लहानपणापासून तिथेच गेले आहे.

“आता काय झालं मग तिथं?” मी विचारलं.

“चला संध्याकाळी,” ती म्हणाली. “बघा.”

दिवेलागणीनंतर आम्ही आठ-दहा जणी निघालो. सगळ्यांत पुढे फुलाआत्या, माझ्या वडिलांची चुलतबहीण, काठी टेकत आणि सगळ्यांच्या सुनांची उणीदुणी काढत. जाळीमागे पांगून बसलो असू-नसू, तेवढ्यात खालच्या अंगाने इंजिनाचा आवाज आला. फुलाआत्या म्हणाली, “उठा गं, आले.”

उजेड आला की उठायचं, ही आमच्याकडची रीत. अर्ध्यावरून उठायचं, साडी खाली सोडायची, आणि गाडी जाईपर्यंत मान खाली घालून उभं राहायचं. एरवी खालच्या रस्त्याने एखादी एसटी जाते, क्षणभराचं काम. त्या संध्याकाळी तीन जीपा जाळीला वळसा घालून थेट आमच्यात आल्या, आणि थांबल्या. टपावरचे दिवे चालूच. आम्ही त्या पांढऱ्या उजेडात ओळीने उभ्या होतो. वहिनी पोटावर दोन्ही हात ठेवून माझ्या शेजारी उभी होती, आणि तिचं अंग तापलेलं मला हात न लावता जाणवत होतं. गाडीत कुणीतरी हसलं. कुणीतरी मोबाइल वर धरला. मग सावकाश, अगदी सावकाश गाड्या पुढे गेल्या, आणि चाकाला काय लागलं ते खिडकीतून वाकून बघत एक जण म्हणाला, “शी! काय लोक आहेत.”

मागच्या गाडीच्या बंपरखाली डबा होता. मी वायरसुद्धा ओळखली.

घरी येऊन मी माझा टॅबलेट काढला. खालून जाणाऱ्या जीपांकडून त्याने माग आपोआप उचलला होता. माळावर एकच गडद रेघ होती. गावातून निघून बोरीच्या जाळीपाशी जाणारी, आणि जाळीपाशी इतकी दाट की पिवळ्याचा तपकिरी झाला होता. खाली, यंत्र सगळ्यांत खात्रीच्या वाटेला देतं त्या पाच चांदण्या. गावातली सगळ्यांत भरवशाची, सगळ्यांत घट्ट, सगळ्यांत मळलेली वाट कुठली, हे यंत्राने अचूक शोधलं होतं. चूक काही झालीच नव्हती. मी परसात जाऊन ओकले.

पुण्याला परतून मी निनादला सांगितलं. त्याने मध्ये न बोलता सगळं ऐकलं, तो तसा चांगला ऐकणारा आहे, आणि त्याच दुपारी उपाय काढला. टॅबलेटमधून रेघ पुसता येणार नाही, पण अशा जागा कशा ओळखायच्या ते यंत्राला शिकवता येईल. तशा जागांचा थर एकदा पुढच्या आवृत्तीतल्या नकाशावर घातला की टॅबलेट आपणहून त्या जागा टाळेल. “सगळ्या महाराष्ट्रातला प्रश्न सुटेल,” तो म्हणाला. “तुझ्याशिवाय हे कुणाला जमणार नाही.” मला त्याचा अभिमान वाटला. वहिनीला फोनवर मी सांगितलं, थोडे दिवस कळ काढा.

कामाला लागले तेव्हा मला वाटलं होतं की हे अवघड जाईल. बायकांचा आणि पुरुषांचा मळ वासावरून वेगळा काढणं आमच्या ऑक्साइडच्या थरांच्या आवाक्यातलं नव्हतंच. पण दुरुस्तीला आलेल्या टॅबलेटांतून उतरवलेल्या, वेगवेगळ्या वेळी गेलेल्या गाड्यांच्या नोंदी एकावर एक ठेवल्या आणि आकृती आपोआप उघडली. पुरुषांच्या जागी ताजा अमोनिया दिवसभर असतो, केव्हाही, कुठेही, भिंतीकडेला, खांबापाशी. काही जागा मात्र अशा होत्या जिथे दिवसभर काहीच नाही, आणि दोनच लाटा उठतात, एक उजाडण्याआधी, एक अंधारल्यावर. जागा वस्तीपासून लांब, आडोशाची. त्या लाटा वर्षभर सूर्याबरोबर सरकायच्या, हिवाळ्यात जवळ यायच्या, उन्हाळ्यात लांब जायच्या. मी यंत्राला कुठलंच रसायन शिकवलं नाही. मी त्याला लाज ओळखायला शिकवली. ती त्याने इतक्या चटकन शिकली की निकाल बघताना मला आनंद झाला. हे लपवण्यात अर्थ नाही, आलेख सुंदर आला होता.

निनादने तो सगळ्यांना मोठ्या पडद्यावर दाखवला. महाराष्ट्राच्या नकाशावर लाल ठिपके पेटले. कुणीतरी शिट्टी मारली. विश्वंभर नावाचा आमचा प्रोग्रॅमर, किनवटकडचा, सतत काहीतरी टिंगल करणारा, उठून पडद्यापाशी गेला. बोटांनी नकाशा मोठा करत करत तो त्याच्या गावापर्यंत पोचला आणि म्हणाला, “हे बघा, आमच्या तळ्यामागची...” आणि तिथेच थांबला. मग त्याने नकाशा लहान केला आणि खुर्चीवर येऊन बसला.

त्याच्या पाठीकडे बघताना माझ्या डोक्यात उजेड पडला. टॅबलेट रानात एकटा असतो. त्याला कुणाला विचारता येत नाही. म्हणजे जे टाळायचं ते सगळं त्याच्या पोटात आधीच भरलेलं असलं पाहिजे. प्रत्येक जीपमध्ये, प्रत्येक हौशी माणसाच्या मांडीवर, राज्यातल्या प्रत्येक गावच्या बायका कुठे आणि किती वाजता बसतात त्याचा नकाशा आम्ही देणार होतो.

निनाद म्हणाला, आपण तो थर कुलूपबंद ठेवू. मी दोन रात्री त्याच्यावर विचार केला. कुलूप घालून उपयोग नव्हता. रेघ सरळ येता येता मध्येच मोकळ्या माळावर विनाकारण वळसा घेऊ लागली, की वळशाच्या आत काय आहे हे ओळखायला कुलूप उघडावं लागत नाही. टाळायला शिकवायचं तर दाखवावंच लागत होतं.

मी त्याला म्हटलं, हे बाहेर जाता कामा नये. माझ्या संगणकावरून मी पुसते, तुझ्या टॅबलेटवरची प्रतही पुसू. त्याने टॅबलेट माझ्या हातात दिला, पण तोंड वाकडं करून. तो म्हणत होता की प्रकाशित नको करायला, पण पुसायचं कशाला, एवढं चांगलं काम, पुढे कधी सरकारला संडास योजनेसाठी लागेल. मी थर उघडला. टॅबलेट शेवटचं पाहिलेलं ठिकाण पुन्हा दाखवतो, तशी आम्हीच सोय केली होती.

माण तालुका. आमचं गाव. बोरीची जाळी, जितकी मोठी करता येते तितकी मोठी केलेली.

“हे का बघितलंस?” मी विचारलं.

“तुझंच गाव आहे ना,” निनाद म्हणाला. “म्हटलं, बरोबर येतंय का बघावं.”

तो खोटं बोलत नव्हता. त्याच्या चेहऱ्यावर काही वाईटही नव्हतं, आणि तेच मला शहारे आणणारं वाटलं. त्याच काचेवर दोन बोटं फाकवून त्याने माझ्या वहिनीची, फुलाआत्याची, माझी जागा मोठी करून पाहिली होती, आणि तेही बहुधा जेवता जेवता. जेवणाचा डाग काचेवर होता, हळदीचा. मी थर पुसला, मूळ नोंदी पुसल्या, टॅबलेट कोरा करून टेबलावर ठेवला आणि हात धुवायला गेले. तो मागून येऊन म्हणाला, “किती मेहनतीचं काम होतं ते, कल्याणी.” त्याला दुःख कशाचं झालं आहे ते मला नीट ऐकू आलं. लग्न मग फोनवरच मोडलं; त्याच्या आईने मला समजूतदारपणा नसल्याचं सांगितलं आणि मी ते मान्य केलं.

पण जुनी पिवळी रेघ अजून शेकडो टॅबलेटांत होती आणि वहिनीचा ताप उतरत नव्हता. रेघ पुसता येत नव्हती. मात्र यंत्राचा एक नियम मला पाठ होता. ताजं आणि ठळक असेल ते खरं.

आमच्याकडे शेतात मेंढरं बसवायची पद्धत आहे. रिकाम्या शेतात कळप रात्रभर बसवला की लेंड्या-मुताने जमीन खतावते. शेतकरी त्यासाठी धनगराला धान्य देतो. गावी परतून मी बिरादादाला म्हटलं, या वेळी शेतात नको, माळावर बसव. गोल नको, रेघेत बसव. खालच्या फाट्यापासून पवनचक्क्यांच्या डांबरी रस्त्यापर्यंत, जाळीच्या पार उलट्या अंगाने. रोज रात्री थोडं पुढे.

“मेंढरं काय शाळेतली पोरं हैत, रांगेत बसायला?” दादा म्हणाला. “आन् तिकडं चारा हाय का? तुझ्या यंत्रापायी माझा कळप उपाशी मारू?”

वहिनी आतून कांबळ्यातून म्हणाली, “बसवा तिकडं. न्हाईतर मी जाते मेंढरं घेऊन.” दादाने वाघूर लावून, म्हणजे जाळ्याचं कुंपण लांबट घालून, कळपाला जवळजवळ रेघेतच बसवलं. दिवसभर तो चाऱ्यासाठी लांब हिंडायचा आणि संध्याकाळी मला शिव्या घालत परत यायचा. पंधरवड्यात त्या पट्ट्याला असा उग्र वास सुटला की पवनचक्कीचा राखणदार भांडायला आला.

आणि ते जमलं. मी चाचणीचा डबा घेऊन तो पट्टा चालले तेव्हा माझ्या टॅबलेटवर नवी रेघ उमटली, गडद तपकिरी, पाच चांदण्यांची, आणि खालून जाणाऱ्या जीपांनी ती उचलली. जाळीकडची रेघ तिच्यापुढे फिकी पडली. त्या आठवड्यात आलेल्या जीपा फाट्यावरून वळल्या आणि मेंढरांच्या मुतातून धुरळा उडवत डांबरीला लागल्या. मी घराच्या माळवदावरून मोजत बसले नाही, पण बघत मात्र बसले. वहिनी पुन्हा पाणी पिऊ लागली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणखी काही आठवडे असंच राहिलं तर बाळ सुखरूप.

मग एका पहाटे आम्ही जाळीमागे असताना पुन्हा इंजिनाचा आवाज आला.

एकच जीप होती, सावकाश येणारी. कुणी सांगायच्या आत सगळ्या उठल्या. वहिनी उठताना माझ्या खांद्याला धरून उठली आणि तिच्या तोंडून एक आवाज निघाला, कण्हल्यासारखा. मला कळलं की आज घरी गेल्यावर ती तांब्याला हात लावणार नाही. मी जीपकडे चालत गेले. खिडकी उघडी होती. आत पन्नाशीचा, नीट दाढी केलेला माणूस, गळ्यात गॉगल. समोर टॅबलेटची चौकट होती आणि टॅबलेट बंद होता. काच काळी. आमची नवी रेघ त्याला दिसत नव्हती, कारण त्याला ती बघायचीच नव्हती. तो कुठल्याच यंत्राच्या सांगण्यावरून आला नव्हता. वाट त्याला पाठ झाली होती.

“रस्ता चुकलो, मॅडम,” तो म्हणाला. अगदी सभ्यपणे.

मी खिडकीपाशी वाकले.

“कुठं जायचंय?” मी विचारलं.

हा प्रश्न आमच्याकडे प्रत्येक परक्या माणसाला विचारतात. त्याने तोंड उघडलं आणि त्याला एकाही गावाचं नाव सुचलं नाही. त्याने माळाकडे हात केला, मग खाली घेतला.

“कुठं जायचंय?” मागून फुलाआत्याने विचारलं. तिची काठी गाडीच्या दिव्यावर टेकली होती. मग दुसऱ्या बाजूने कुणीतरी विचारलं, मग आणखी कुणी. कुणाचा आवाज चढला नाही. सगळ्या जणी पदर खोचून, हातात टमरेल घेऊन, उजेडात पुढे येत होत्या आणि त्याच्या तोंडाकडे बघून वाटसरूला विचारावं तसं विचारत होत्या. एवढ्या बायका आपल्या चेहऱ्याकडे बघताहेत हे त्याला सोसेना. त्याने काच वर केली, दिवे मालवले आणि अंधारात मागे मागे जात, एकदा बांधाला धडकून, गाडी फाट्याकडे काढली.

माळावर पुन्हा काळोख झाला. तांबडं फुटायला अजून अवकाश होता.

“गेला मेला,” फुलाआत्या म्हणाली. “बसा गं.”

सगळ्या पांगल्या. मी तिथेच उभी राहून गाडीचा आवाज पुरता विरेपर्यंत ऐकत होते. मागून वहिनीची हाक आली.

“वन्सं, बघत काय उभ्या ऱ्हायला? तिकडं तोंड करा.”

मी पाठ केली.